लढाईची नाणी : मोल कशाचे?

ईट (ता. भूम) सारख्या गावच्या बाजारपेठेत भांडी, भंगार आणि सराफीच्या दुकानी जुने नाणे केव्हा येईल याचा नेम नसतो. त्यात 'लढाईचे नाणे' म्हटले की भाव तोंडाला येईल तो सांगितला जातो. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी यातली खरी बाजू जाणून घ्यावी, म्हणून हा मजकूर.

विजयाच्या स्मरणार्थ नाणे पाडण्याची चाल जुनी आहे. बऱ्हाणपूरजवळचा असीरगड हा खानदेशच्या फारुकी सुलतानांचा किल्ला. लांबलेल्या वेढ्यानंतर १६०१ साली तो अकबर बादशहाच्या हाती आला आणि त्या विजयाची सोन्याची मोहर निघाली. तिच्या एका बाजूस ससाणा आहे. ही मोहर अत्यंत दुर्मिळ. 'घरात सापडली' म्हणून कोणी आणली तर ती नक्कल असण्याचाच संभव अधिक. असल मोहर ठशावर हातोडा मारून पाडलेली असते. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि कडेला कानस फिरवल्याची खूण दिसते. ज्याचा हात धातूत बसला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. ठसा मारून केलेली नक्कल मात्र नजरेला फसवते; तिथे वजन व कस पाहावा.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांचा हिशेब निराळा. १८५७ च्या लढ्याला दीडशे वर्षे झाली म्हणून २००७ सालाची ५ व १०० रुपयांची नाणी निघाली. शंभराचे नाणे ३५ ग्रॅमचे, पण चांदी निम्मीच, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. बाकी ४० टक्के तांबे आणि थोडे निकेल व जस्त. 'शुद्ध चांदीचे' म्हणून कोणी विकू लागला तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवावा. १९६५ च्या युद्धाच्या सुवर्णमहोत्सवाचे पाच रुपयांचे नाणे २०१५ सालचे. त्यावर अमर जवानाचे चिन्ह आहे. (त्याच युद्धात मरणोत्तर परमवीरचक्र मिळालेले अब्दुल हमीद हे शिंप्याच्या घरचे.) हातोहात फिरून झिजलेल्या अशा नाण्याला कोणी लाख देत नाही. हौशी ग्राहक जादा पैसे मोजतो ते टाकसाळीच्या पाकिटातल्या, हात न लागलेल्या नाण्याला.

'जुने नाणे द्या, लाखो घ्या' या जाहिरातींत आधी कमिशन किंवा कर म्हणून पैसे मागितले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नावावरही हा उद्योग चालला, तेव्हा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला की अशा व्यवहारात ती नाही आणि असले शुल्क ती घेत नाही.

सराफ व ओतारी बांधवांसाठी आणखी एक. सरकारी नाणे वितळवणे हा २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा असून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आणि नांगरताना जमिनीत पुरलेली नाणी लागली, त्यांची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. तसे कळवले आहे का, हे माल हातात घेण्यापूर्वीच विचारावे.