फुटीनंतरचे पहिले नाटक

एखाद्या गाजलेल्या वाद्यवृंदातून तीन-चार कलावंत बाहेर पडतात, नवे नाव धारण करतात आणि थोड्याच दिवसांत त्यांचा पहिला ध्वनिमुद्रित गीतसंग्रह रसिकांपुढे येतो. अशा वेळी चर्चा रंगते ती भांडणाची. कोणी कोणाला डावलले, पैशांवरून बिनसले की मानापमानावरून, याच्या सुरस कथा चवीने सांगितल्या जातात. परंतु खरा विचार करण्याजोगा प्रश्न निराळाच असतो. बाहेर पडणाऱ्यांनी आपल्याबरोबर काय नेले, मागे काय ठेवले आणि जे नेले त्या शिदोरीवर त्यांची गुजराण किती दिवस होणार? हा प्रश्न पॉप संगीताच्या युगाने निर्माण केला, असे समजण्याचे कारण नाही. गिरगावच्या संगीतवेड्या मराठी माणसाने तो शंभर वर्षांपूर्वीच आपल्या डोळ्यांसमोर उभा राहिलेला पाहिला आहे.

त्या काळी गिरगावातून रिपन, एल्फिन्स्टन ही ग्रँट रोडकडची नाटकगृहे पायी जाण्याच्या अंतरावर होती. संगीत नाटक हेच तेव्हाचे लोकप्रिय संगीत होते आणि नव्या नाटकाची पदे हाच तेव्हाचा नवा गीतसंग्रह. १२ मार्च १९११ रोजी रिपन थिएटरात किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आणले. पदांना चाली गोविंदराव टेंबे यांच्या होत्या आणि भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते. मंडळी वैभवाच्या शिखरावर होती. त्याच वर्षी मंडळीचे एक प्रमुख नट नानासाहेब जोगळेकर यांचे निधन झाले आणि कारभाराची सूत्रे शंकरराव मुजुमदार यांच्या हाती राहिली. पुढे दोन वर्षांत मतभेद विकोपाला गेले. १९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस हे तिघे बाहेर पडले व त्यांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली.

या फुटीत दोष कोणाचा, याचा निवाडा आज करणे कठीण आहे आणि त्याची फारशी आवश्यकताही नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे, की टेंबे आणि बोडस या दोघांनीही पुढे आत्मचरित्रे लिहिली. बाहेर पडणाऱ्यांची बाजू त्यामुळे वाचकांपर्यंत पोहोचली. मागे राहणाऱ्यांना तितके वाचक सहसा लाभत नाहीत.

नव्या मंडळीने पहिले नाटक केले ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'मूकनायक'. हे नाटक नवे नव्हते; किर्लोस्कर मंडळीने ते आधीच रंगभूमीवर आणलेले होते. म्हणजे दुकान नवे, पाटी नवी, पण माल ओळखीचा! यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. नव्या संस्थेला पहिल्या दिवसापासून बिऱ्हाड चालवावे लागते. नटांचे पगार, साथीदारांचे मुशाहिरे, पडदे, कपडेपट, प्रवास, भोजन या खर्चांना उसंत नसते. अशा वेळी प्रेक्षकाला माहीत असलेले, जोखीम कमी असलेले नाटक हाती घेणे हा शहाणपणाचा व्यवहार होय. गंधर्व मंडळीचे खरे 'पहिले' नाटक, म्हणजे जुन्या घराच्या ऋणातून मोकळे झालेले नाटक, यायला तीन वर्षे लागली. १० डिसेंबर १९१६ रोजी 'स्वयंवर' आले. भास्करबुवा बखले यांनी त्याच्या पदांना रागदारीचा जो साज चढवला, त्याने नाट्यसंगीताचे वळणच बदलून टाकले.

सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण येथे आठवते. इंग्लंडमध्ये मँचेस्टर भागातील 'जॉय डिव्हिजन' या वाद्यवृंदाचा गायक इयन कर्टिस १९८० साली निवर्तला. कोणीही एक गेला तर हे नाव वापरायचे नाही, असे चौघांनी आधीच ठरविले होते. उरलेल्या तिघांनी 'न्यू ऑर्डर' हे नाव घेतले आणि १९८१ मध्ये 'मूव्हमेंट' हा पहिला संग्रह काढला. त्यावर जुन्या सुरांची छाया दाट होती. स्वतःचा असा आवाज त्यांना सापडला तो नंतर, १९८३ च्या सुमारास. देश निराळा, संगीत निराळे, पण क्रम तोच. फुटीनंतरची पहिली कृती बहुधा जुन्याच पुंजीवर उभी राहते.

आता या पुंजीचा प्रकार पाहू. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्येच निवर्तले होते, तरीही त्यांच्या नावाची मंडळी त्यानंतर कित्येक दशके चालली. १९०१ साली भाऊराव कोल्हटकर गेले. १९०५ साली बालगंधर्व आले. बालगंधर्व गेले तेव्हा मंडळीला मास्टर दीनानाथ मिळाले. किर्लोस्करांचे भांडवल नावात होते आणि नाव गळ्यापेक्षा अधिक टिकते. गंधर्व मंडळीचे भांडवल मात्र एकाच गळ्यात साठलेले होते. संस्थेचे नावदेखील त्याच कलावंताच्या उपाधीवरून पडलेले. कागदावर मालक तीन, परंतु तिकीट काढणाऱ्याच्या मनात मालक एकच! अशा भागीदारीत समतोल राहणे अवघड असते. काही वर्षांतच टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. पुढे बोडसही गेले. ज्या कारणांसाठी घर सोडावे, तीच कारणे नव्या घराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहावीत, असा हा प्रकार होता.

'द्रौपदी' नाटकाच्या डोळे दिपविणाऱ्या नेपथ्यावर आणि वेशभूषेवर जो अतोनात खर्च झाला, तो कर्जाच्या रूपाने एकट्या बालगंधर्वांच्या खांद्यावर येऊन पडला. ते कर्ज त्यांनी प्रामाणिकपणे फेडले, हा त्यांचा मोठेपणा. पण हात धरून हिशेब विचारणारा भागीदार जवळ असता, तर त्या मोठेपणाची गरज कदाचित पडली नसती. दरम्यान, किर्लोस्कर मंडळी १९१८ साली पुन्हा फुटली. दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. १९३४ साली त्या मंडळीने 'कृष्णार्जुनयुद्ध' या बोलपटाचे साहस केले आणि तिचाही डोलारा कोसळला.

असे असले तरी फुटी म्हणजे केवळ हानी, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. किर्लोस्कर मंडळी अखंड राहती तर बखल्यांची पदे बालगंधर्वांच्या कंठातून त्या रूपात आली असती का, याची शंकाच आहे. दीनानाथांना मोकळे रान मिळाले नसते. केशवराव भोसले यांनीही दुसऱ्याच्या मंडळीतून बाहेर पडूनच १९०८ साली ललितकलादर्श उभारली होती. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झाले, तेव्हा भोसल्यांचा धैर्यधर आणि गंधर्वांची भामिनी एकाच रंगमंचावर उभी राहिली. त्या रात्री प्रेक्षकांना जे ऐकायला मिळाले ते दोन स्वतंत्र संस्थांच्या दोन स्वतंत्र वैभवांचे फळ होते. फुटीने कला वाढते. बुडते ती संस्था.

गिरगावानेच या प्रश्नाचे एक वेगळे उत्तरही शोधले. १९३५ साली स्थापन झालेला मुंबई मराठी साहित्य संघ कोणा एका गळ्याचा वा मालकाचा नव्हता. तो सभासदांचा होता. अशा संस्थांत वाद होतात, निवडणुका लढविल्या जातात, कारभार कधीकधी रेंगाळतोही. परंतु एक माणूस गेला म्हणून पडदा कायमचा पडत नाही. १९६४ साली संघाचे नाट्यगृह केळेवाडीत उभे राहिले. गंधर्व मंडळीचे स्वतःचे असे घर मात्र कोठेही उरले नाही.

आज नव्या नावाने पहिला गीतसंग्रह घेऊन येणाऱ्या तरुण कलावंतांनी या इतिहासाकडे भावुकतेने पाहण्यापेक्षा व्यवहाराच्या नजरेने पाहणे हिताचे आहे. चाल कोणाची, शब्द कोणाचे, नावावर हक्क कोणाचा, तबलजीला आणि तंत्रज्ञाला वाटा किती आणि एकजण निघून गेला तर काय, हे सारे पहिली मैफल होण्यापूर्वी कागदावर यावे. त्यामुळे मैत्रीला बाध येत नाही. उलट, या गोष्टी अबोल ठेवल्यानेच अनेक मैत्र्या तुटल्या आहेत. पहिल्या संग्रहाचे स्वागत रसिक जुन्या ओळखीपोटी करतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मात्र ते 'स्वयंवर' मागतात. आणि तोवर सगळे एकत्र राहिलेले असावे लागतात.