सरकारी ओळखपत्रावर पिस्तूल मिळतं का? आणि मिळालं तर ठेवायचं कुठे?

एन्नोरहून मी पुन्हा तुमच्यासमोर आलो आहे. मागच्या भागानंतर आलेल्या प्रश्नांपैकी एक प्रश्न मी मुद्दाम बाजूला काढून ठेवला होता. सोलापूरकडच्या एका आईने तो विचारला होता. त्यांची मुलगी परिविक्षा अधिकारी म्हणून, म्हणजे आपण ज्याला प्रोबेशन ऑफिसर म्हणतो त्या पदावर, नुकतीच रुजू झाली आहे. चौकशीसाठी तिला आरोपींच्या घरी जावं लागतं. आईचा प्रश्न सरळ आहे: ‘सरकारी ओळखपत्रावर तिला पिस्तूल घेता येईल का? आणि घेतलं, तर दोन लहान मुलांच्या घरात ते ठेवायचं कुठे?’

प्रश्न दोन आहेत. पहिला कायद्याचा, दुसरा घराचा. माझ्या मते दुसरा जास्त महत्त्वाचा आहे, पण उत्तर क्रमानेच देतो.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 सालचा आहे आणि त्याखालचे सध्याचे नियम 2016 चे. कायद्याचा पाया एका वाक्यात सांगायचा तर परवान्याशिवाय बंदूक, पिस्तूल, काडतूस, काहीही जवळ बाळगता येत नाही. मग पोलीस आणि सैनिक कसे बाळगतात? त्याचं उत्तर कलम 45 मध्ये आहे. केंद्र सरकारच्या आदेशाने किंवा लोकसेवकाने आपलं कर्तव्य बजावताना बाळगलेल्या शस्त्राला हा कायदा लागू होत नाही. इथे ‘कर्तव्य बजावताना’ या शब्दांवर बोट ठेवा. सूट माणसाला नाही, कामाला आहे. मी सैन्यात असताना माझ्या कमरेला जे नऊ मिलिमीटरचं पिस्तूल असायचं, ते सरकारचं होतं. निवृत्तीच्या दिवशी ते सरकारकडेच राहिलं. फौजदाराने स्वतःच्या पैशाने रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं, तर त्यालाही परवान्याचा अर्ज करावाच लागतो.

आता परिविक्षा अधिकारी. अपराधी परिविक्षा अधिनियम 1958 चा. त्याच्या कलम 15 प्रमाणे हे अधिकारी लोकसेवक मानले जातात. इथेच अनेकांची गल्लत होते. लोकसेवक म्हटल्यावर कलम 45 लागू होणार, असं वाटतं. पण त्यांचं कर्तव्य कलम 14 मध्ये लिहिलेलं आहे: आरोपीच्या घरची परिस्थिती पाहून न्यायालयाला अहवाल देणं, सुटलेल्या माणसावर देखरेख ठेवणं, त्याला काम मिळवून द्यायला मदत करणं, भरपाई भरायला साहाय्य करणं. यात शस्त्र कुठेही नाही. म्हणून सूटही नाही.

मग दार बंद आहे का? नाही. 2016 च्या नियमांत परवाना कोणाला देण्याचा विचार करावा याचे तीन गट सांगितले आहेत. पहिला, व्यवसायाच्या किंवा नोकरीच्या स्वरूपामुळे जीविताला खरा धोका असलेले लोक. दुसरा, निदान दोन वर्षं सक्रिय असलेले नेमबाज. तिसरा, सैन्यात, केंद्रीय दलांत किंवा पोलिसांत असलेले वा राहिलेले लोक. पण या तिसऱ्या गटातल्या माणसालाही खरी गरज दाखवावी लागते. सोलापूरची कन्या पहिल्या गटात अर्ज करू शकते. पोलीस अहवाल येईल, परवाना देणारा अधिकारी स्वतः विचार करेल आणि मग हो किंवा नाही ठरेल. जिल्ह्यात हा अधिकारी जिल्हादंडाधिकारी असतो, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. परवाना मिळाला तरी नऊ मिलिमीटरचं पिस्तूल मिळणार नाही; तो बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. म्हणून दुकानात बहुतेक लोक .32 चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे.

आपले बरेच श्रोते अमेरिकेत आहेत, म्हणून तिथलीही गोष्ट सांगतो. कॅलिफोर्नियात दुकानदाराला सरकारी यादीतलीच पिस्तुलं विकता येतात. पोलिसांना आणि ठरलेलं प्रशिक्षण घेतलेल्या काही खात्यांच्या लोकांना यादीबाहेरचं पिस्तूल घेण्याची सूट आहे. त्यांत प्रोबेशन खातीही येतात. पण सूट आली की तिच्यामागून जबाबदारी येते. 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर एक तरुणी गोळी लागून गेली. ते पिस्तूल एका सरकारी अधिकाऱ्याच्या गाडीतून चोरीला गेलेलं होतं. त्यानंतर तिथे कायदा झाला: गाडी सोडून जाताना पिस्तूल डिकीत किंवा कुलूपबंद पेटीत, बाहेरून दिसणार नाही असं ठेवायचं. हा नियम गणवेशातल्यांनाही लागू आहे.

आपल्याकडेही सवलतीला वाट फुटल्याचं उदाहरण आहे आणि ते सांगताना मला बरं वाटत नाही. सैन्यातल्या अधिकाऱ्यांना सेवेत न वापरली जाणारी काही जुनी शस्त्रं विकत घेण्याची सवलत होती. त्यांतली काही राजस्थानात श्रीगंगानगरकडे बाहेरच्या लोकांच्या हाती गेल्याचं उघड झालं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. सवलत देताना समोरचा माणूस विश्वासाचा आहे असं धरलेलं असतं. ते शस्त्र पुढे कोणाच्या हातात गेलं, याची नोंद मात्र विश्वासावर सोडता येत नाही.

आता घराचा प्रश्न. सैन्यात शस्त्र कोतमध्ये असतं आणि दारूगोळा मॅगझिनमध्ये. दोन वेगळ्या इमारती, दोन वेगळी रजिस्टरं, आत-बाहेर जाताना सही. एवढी शिस्त असलेल्या फौजेचा आपल्या जवानांवर विश्वास नसतो असं नाही. पण एका हाताने एकाच वेळी दोन्ही उचलता येऊ नयेत, हे फौजेने ठरवलेलं आहे. घरात हेच तत्त्व लावा.

पहिलं, शस्त्र रिकामं करा. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं म्हणजे ते रिकामं झालं असं नाही. एक काडतूस नळीच्या मागे, चेंबरमध्ये, राहिलेलं असू शकतं. स्लाइड मागे ओढून डोळ्यांनी पाहा, मग बोट घालून पाहा. हे करताना नळी भिंतीकडे, माणसाकडे नाही.

दुसरं, शस्त्र एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवा. कपाटात साड्यांखाली ठेवणं म्हणजे लपवणं, सांभाळणं नव्हे. मुलांना घरातली प्रत्येक लपवलेली वस्तू ठाऊक असते. पोलादी पेटी भिंतीला बोल्टने घट्ट बसवा. नाहीतर चोर पेटीसकट घेऊन जाईल.

तिसरं, किल्ली. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. नवरा, भाऊ, ड्रायव्हर यांच्या हाती ते शस्त्र गेलं की परवान्याची अट मोडली. किल्ली अंगावर ठेवा. शस्त्र हरवलं वा चोरीला गेलं तर लगेच पोलीस ठाण्यात कळवा, दोन दिवस शोधत बसू नका.

चौथं, हवा. आमच्या एन्नोरला समुद्र आणि खाडी दोन्ही बाजूंनी खारं वारं पाठवतात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलेलं शस्त्र इथे लवकर गंजतं, कारण चामडं ओल धरून ठेवतं. पुसून, हलका तेलाचा हात देऊन, कोरड्या पेटीत ठेवा. कोकण आणि गोव्यातल्या श्रोत्यांनीही हे लक्षात घ्यावं.

पाचवं, पाणी. डिसेंबर 2023 मध्ये मिचौंग वादळाच्या वेळी एन्नोरच्या खाडीत पुराबरोबर तेलही आलं आणि घराघरांत शिरलं. घर सोडायची वेळ येते तेव्हा माणूस आधी म्हातारे आणि मुलं उचलतो. म्हणून पेटी जमिनीजवळ बसवू नका. लांब गावी जाणार असाल तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा तसा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. निवडणुकीत जमा करायला सांगतात ते वेगळं. त्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या प्रकरणात सरसकट आदेश नको, छाननी करा, असं सांगितलं आहे.

शेवटी माझं मत. परिविक्षा अधिकाऱ्याचं काम समोरच्या माणसाचा विश्वास मिळवण्याचं आहे. कमरेला पिस्तूल लावून कोणाच्या चुलीपाशी बसता येत नाही. धोका वाटत असेल तर आधी खात्याकडे लेखी मागा: सोबत दुसरा कर्मचारी, जाण्याआधी ठाण्याला खबर, संध्याकाळनंतर एकटीने भेट नाही. एवढं करूनही धोका उरला, तर अर्ज जरूर करा. मात्र अर्जाच्या आधी भिंतीत पेटी बसवून घ्या. ज्या घरात पेटीला जागा नाही, त्या घरात पिस्तुलालाही जागा नाही.