भाषा बदलते, तेव्हा जुन्या मॉडेलांचे काय होते?

एखाद्या व्यवसायाचे कामकाज त्या व्यवसायातील माणसांच्याच संज्ञांत, आकृत्यांच्या किंवा नियमबद्ध मजकुराच्या रूपाने मांडावे आणि त्या मांडणीतून संगणकाचा प्रोग्रॅम शक्य तितका आपोआप तयार व्हावा, या हेतूने रचलेल्या मर्यादित भाषांना क्षेत्रविशिष्ट मॉडेलिंग भाषा म्हणतात. जावासारख्या सर्वसाधारण भाषेत कोणत्याही विषयाचा प्रोग्रॅम लिहिता येतो. या भाषांत मात्र एकाच क्षेत्राविषयी बोलता येते, पण ते थोडक्यात आणि चुकीला कमी वाव ठेवून. क्षेत्राशी असलेली ही जवळीक त्यांचे बळ असते आणि त्यांना वारंवार बदलावे लागते तेही त्याच कारणाने, कारण व्यवहार पुढे सरकला की कालची संज्ञा आज अपुरी पडते.

इंदापूर तालुक्यातील डाळजच्या परिसरातून साखर कारखान्याकडे होणाऱ्या ऊसनोंदीचे आणि तोडणी कार्यक्रमाचे नियम मांडण्यासाठी अशी भाषा रचली आहे, असे समजू. तिच्यात 'उसाची जात', 'लागण तारीख', 'तोडीचा क्रम' अशा संज्ञा असतील आणि उसाचे वय लागण तारखेपासूनच मोजावे, असा नियम असेल. संज्ञा आणि नियमांच्या या आराखड्याला मेटामॉडेल म्हणतात, तर त्या चौकटीत राहून एखाद्या कारखान्याने केलेली स्वतःच्या कामकाजाची मांडणी म्हणजे मॉडेल. पुढे भाषेत ठिबक सिंचनाचा ऐच्छिक उल्लेख वाढवला, तर जुनी मॉडेले जशीच्या तशी चालतात. 'लागण तारीख' हे नाव बदलून 'वय मोजण्याची तारीख' केले, तर सगळी जुनी मॉडेले अडतात, परंतु नावांची अदलाबदल करणारे एक साधन ती काही क्षणांत दुरुस्त करू शकते. तिसरा बदल मात्र वेगळ्या जातीचा आहे: खोडव्याचे, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसाचे, वय आधीच्या तोडीपासून मोजले जात असल्यामुळे, प्रत्येक नोंदीचा प्रकार लागणीचा की खोडव्याचा हे सांगणे भाषेने सक्तीचे केले, तर ती माहिती जुन्या मॉडेलांत मुळातच नसते आणि कोणतेही साधन ती स्वतःहून भरू शकत नाही.

बदलांचे हे तीन प्रकार, म्हणजे न मोडणारे, मोडणारे पण आपोआप सुधारता येणारे आणि मोडून माणसाकडे परत येणारे, या विषयाच्या अभ्यासात मूलभूत मानले जातात. मेटामॉडेल बदलले की केवळ मॉडेलेच नव्हेत, तर ती लिहिण्याचे संपादक, तपासण्याची साधने आणि त्यांपासून प्रोग्रॅम तयार करणारे जनित्र, म्हणजे जनरेटर, हे सर्वही सोबत बदलावे लागतात. या प्रक्रियेला सहउत्क्रांती म्हणतात.

या प्रश्नाचा दीर्घ अनुभव पुण्यातच जमा झाला आहे. डाळजजवळून जाणाऱ्या सोलापूर महामार्गाच्या पुण्याकडील टोकाला, हडपसर येथे, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे टाटा संशोधन विकास व रचना केंद्र आहे, ज्याची स्थापना १९८१ साली झाली. तेथे विकसित झालेल्या मास्टरक्राफ्ट या साधनसंचात बँकिंगसारख्या मोठ्या व्यवसायांची सॉफ्टवेअरे मॉडेलांपासून तयार केली जात आणि व्यवहाराचे नियम लिहिण्यासाठी क्यू प्लस प्लस ही स्वतंत्र भाषा वापरली जाई. मात्र प्रत्येक ग्राहकाचे तंत्रज्ञान आणि रचनेच्या अपेक्षा निराळ्या असल्यामुळे जनित्रांच्या आवृत्त्या वाढत गेल्या, आणि ग्राहकाचे सॉफ्टवेअर सांभाळण्याचे जे ओझे मॉडेलांनी हलके केले होते, ते साधने सांभाळण्याच्या रूपाने परत आले. विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनी २००३ साली आयईईई सॉफ्टवेअर या नियतकालिकात रचनेतील निरनिराळे विषय वेगवेगळे ठेवण्याची पद्धत मांडली. पुढे याच दिशेने जनित्राचेही सुटे घटक पाडून त्यांची मॉडेले करण्यात आली, जेणेकरून हवे ते जनित्र त्या घटकांतून जुळवता यावे.

जागतिक पातळीवर ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने १९९७ साली यूएमएल ही सर्वसाधारण मॉडेलिंग भाषा स्वीकारली आणि एका मॉडेलातून दुसरे मॉडेल घडवण्याचे नियम लिहिण्यासाठी २००८ साली क्यूव्हीटी या मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, जिच्या घडणीत टाटा कन्सल्टन्सीचाही सहभाग होता. भाषेतील बदलानंतर जुनी मॉडेले नव्या चौकटीत आणण्यासाठी अशाच रूपांतर-नियमांचा उपयोग होऊ शकतो.

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष असा की, भाषा बदलण्याचा खरा खर्च भाषेत नसून तिच्यात आधी लिहिल्या गेलेल्या मजकुरात असतो. म्हणून प्रत्येक आवृत्तीला क्रमांक देणे, बदलासोबतच स्थलांतराचे नियम लिहिणे आणि भाषा शक्य तितकी लहान ठेवणे, ही कामे सुरुवातीपासून करावी लागतात. तरीही तिसऱ्या प्रकारचा बदल उरतोच, आणि तेथे निर्णय प्रोग्रॅमरचा नसून कारखान्याच्या शेतकी विभागाचा आणि नोंदी घेत बांधावर फिरणाऱ्या चिटबॉयचा असतो. त्यांना वाचता येईल आणि हरकत घेता येईल अशी ही भाषा राहिली, तरच तिच्यातील बदल व्यवहाराला धरून होतात.