आतल्या कानाला फसवणारी खुर्ची

वसईच्या पूर्वेला महामार्गावर यायचं आणि दक्षिणेची वाट धरायची. ठाणे, पुणे, कोल्हापूर, बेंगळुरू मागे टाकत तोच राष्ट्रीय महामार्ग ४८ तेराशेहून अधिक किलोमीटर चालून चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईला पोचतो. तिथे मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. ३.७ किलोमीटरांचं हे सर्किट म्हणजे भारतीय मोटर शर्यतींचं जुनं घर. वसई-विरारच्या एखाद्या रेसवेड्या मुलाच्या घराजवळून जाणारा रस्ता असा अक्षरशः रेसट्रॅकला जाऊन भिडतो, फक्त मध्ये अर्धा देश पसरला आहे. म्हणून तो मुलगा दुसरी वाट धरतो. टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग, पायाशी पेडल आणि समोर पडदा, म्हणजेच सिम्युलेटर किंवा ‘सिम’. या वाटेनं माणूस खऱ्या ट्रॅकपर्यंत पोचतो का?

पोचतो. जान मार्डनबरो हा ब्रिटनमधल्या कार्डिफचा तरुण. २०११ साली निस्सान आणि ‘ग्रॅन टुरिस्मो’ या व्हिडिओ गेमच्या ‘जीटी अकॅडमी’ स्पर्धेत सुमारे ९०,००० जणांतून तो पहिला आला आणि दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. जानेवारी २०१९ मध्ये मेक्सिको सिटीच्या ‘रेस ऑफ चॅम्पियन्स’मध्ये एन्झो बोनितो या सिम रेसरनं खऱ्या गाडीत बसून विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेचा विजेता असलेल्या लुकास दी ग्रासीला मागे टाकलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नुर्बुर्गरिंगवर फॉर्म्युला वनचा चालक मॅक्स व्हर्स्टापेननं फेरारी जीटी थ्रीमधून चार तासांची शर्यत जिंकली, तेव्हा त्याच गाडीतला त्याचा जोडीदार होता ख्रिस ललम, सिम रेसिंगमधून पुढे आलेला.

ही नावं ऐकून ऊर भरून येतो, पण मला त्याहून मोठं नवल वाटतं ते हे घडतं कसं याचं. जागच्या जागी असलेली खुर्ची माणसाला ताशी दोनशे किलोमीटरांचा वेग कसा शिकवते?

या कथेचं मूळ सापडतं ते एका वाद्याच्या कारखान्यात. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. आपल्या पेटीला असतो तसा ऑर्गनलाही भाता असतो. ते भाते आणि हवेचे पंप वापरून लिंकनं १९२९ मध्ये विमानाची एक छोटी लाकडी प्रतिकृती बनवली. ती जमिनीवरच डोलायची, कलायची, वळायची. सुरुवातीला ती जत्रेतलं खेळणं म्हणूनच खपली. १९३४ मध्ये खराब हवामानात टपाल नेताना अमेरिकी लष्कराचे वैमानिक एकामागून एक मेले, आणि मग लष्करानं हे यंत्र विकत घेतलं. आज फॉर्म्युला वनच्या संघांकडे असलेले महागडे सिम्युलेटर त्याच भात्याचे वंशज आहेत.

हे यंत्र ज्याला फसवतं, त्या आतल्या कानाकडे आता वळू. विरार लोकलमध्ये खांबाला धरून डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाला गाडीनं ब्रेक लावला हे न पाहता कळतं. हे काम कानाच्या आतल्या एका अवयवाचं. तिथे कॅल्शिअम कार्बोनेटचे सूक्ष्म कण एका चिकट थरावर बसलेले असतात. वेग बदलला की ते मागेपुढे सरकतात आणि त्यांच्याखालचे केस वाकतात. त्या वाकण्यातून मेंदूला बातमी जाते. मात्र या अवयवाला एक गोष्ट मुळीच ओळखता येत नाही. शरीर मागे ढकललं गेलं ते गाडीनं वेग घेतल्यामुळे की खुर्ची मागे कलल्यामुळे, हे त्याला कळत नाही, कारण कण दोन्ही वेळा सारखेच सरकतात. गुरुत्व आणि त्वरण वेगळे ओळखता येत नाहीत हा विचार आइन्स्टाइनला १९०७ मध्ये सुचला होता. सिम्युलेटर नेमकं त्यावरच चालतो. पडद्यावर गाडी सुसाट सुटते, त्याच क्षणी कॅबिन हळूच मागे कलते आणि आपलं वजनच आपल्याला पाठीकडे रेटतं. मेंदूला खात्री पटते की आपण वेग घेतला. कलणं मात्र अगदी सावकाश हवं, सेकंदाला तीनेक अंशांच्या आत. त्याहून घाई केली तर कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना फिरणं जाणवतं आणि सोंग उघडं पडतं.

वसईतल्या मुलाच्या खोलीत अशी डोलणारी कॅबिन बहुधा नसते. तरी तो शिकतो, आणि ते शिक्षण हातांतून येतं. वळणावर पुढच्या टायरांची पकड सुटू लागली की खऱ्या गाडीचं स्टिअरिंग अचानक हलकं पडतं. सिमच्या चाकामागची मोटर हेच हलकेपण तळहातांपर्यंत पोचवते. त्यामागचं गणित थक्क करणारं आहे. आयरेसिंगसारख्या प्रणालीत गाडीवरच्या बलांचा हिशेब सेकंदाला ३६० वेळा नव्यानं मांडला जातो. ताशी २०० किलोमीटरनं धावणारी गाडी दोन हिशेबांच्या मध्ये जेमतेम १५ सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे एका वितीहूनही कमी! ट्रॅक लेझरनं मोजलेला असतो, त्यामुळे डांबराचा प्रत्येक उंचवटा खऱ्या जागीच येतो.

डोळेही शिकतात. मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी १९९४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं की वळण येण्याच्या एकदोन सेकंद आधीच चालकाची नजर वळणाच्या आतल्या कडेवर जाऊन बसते आणि हात नजरेमागून वळतात. बॉनेटपुढच्या डांबराकडे पाहत चालवणारा कायम उशिरा वळतो. नजर पुढे टाकण्याची ही सवय पडद्यावर खरोखर लागते, कारण ते काम डोळे आणि मेंदू यांचं आहे आणि पडदा त्या दोघांना पुरतो.

म्हणूनच व्यावसायिक संघही सिमवर विसंबतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी फॉर्म्युला ई झाली, ती शहराच्या रस्त्यांवर आखलेल्या नव्याकोऱ्या सर्किटवर. असा ट्रॅक चालकाच्या अंगवळणी आधी सिम्युलेटरमध्येच पाडावा लागतो. आपल्या मुंबईच्या महिंद्रचा संघ फॉर्म्युला ईमध्ये पहिल्या मोसमापासून आहे. जानेवारी २०१७ मध्ये लास व्हेगासला फॉर्म्युला ईचे चालक आणि सिम रेसर यांची पडद्यावरच शर्यत लावली गेली. बक्षिसं होती एकूण दहा लाख डॉलरची. शर्यत जिंकली बोनो हाउस या डच सिम रेसरनं, आणि दुसरा आला महिंद्रचा फेलिक्स रोझेनक्विस्ट. त्याच वर्षी जूनमध्ये बर्लिनला रोझेनक्विस्टनं महिंद्रला फॉर्म्युला ईमधला पहिला विजय मिळवून दिला. जो खऱ्या गाडीत तरबेज तो पडद्यावरही तरबेज. दोन्हीकडचं कसब बऱ्याच अंशी एकच असल्याचा हा मला सर्वांत पटणारा पुरावा आहे.

आता सिमची हद्द. कॅबिन ३० अंश कलवली तरी गुरुत्वाचा निम्माच भाग पाठीवर येतो. फॉर्म्युला वनची गाडी ब्रेक मारते तेव्हा शरीरावर गुरुत्वाच्या सुमारे पाचपट जोर पडतो. हेल्मेटसह सहाएक किलोचं डोकं त्या वेळी तीस किलोचं होतं, आणि मान ते लॅपमागून लॅप पेलते. ब्रेकवर शंभर किलोहून जास्त जोर द्यावा लागतो. अंगावर अग्निरोधक कपड्यांचे थर आणि कॉकपिटमध्ये भट्टीसारखी उष्णता. यातलं फारसं काही खोलीतल्या खुर्चीला देता येत नाही. उलट डोळे ‘धावतोय’ म्हणतात आणि कान ‘स्थिर आहे’ म्हणतो, तेव्हा काहींना मळमळतं. मायकेल शूमाकरसारख्या सात वेळच्या विश्वविजेत्यालाही सिम्युलेटरमध्ये हा त्रास व्हायचा.

आणि भीती. पडद्यावर गाडी भिंतीवर आदळली तर एक बटण दाबलं की ती पुन्हा कोरी करकरीत. मार्च २०१५ मध्ये नुर्बुर्गरिंगच्या फ्लुगप्लाट्झ या चढावर मार्डनबरोची गाडी हवेत उडाली, कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. सिमनं घडवलेल्या सर्वांत नामांकित चालकाच्या आयुष्यातला हा दिवस सिमबद्दल बोलताना कधीच वगळू नये. आपल्या हातातल्या यंत्रानं कुणाचा जीव जाऊ शकतो, ही जाणीव कोणतीही मोटर तळहातापर्यंत पोचवत नाही.

तेव्हा माझं मत असं: सिम्युलेटर डोळे, हात आणि निर्णय घडवतो, शरीर आणि छाती घडवत नाही. पहिलं काम तो इतकं चोख करतो की ट्रॅकवरची पहिली फेरी कोऱ्या पाटीनं सुरू होत नाही, आणि ज्या खेळात प्रत्येक लॅपला पैसे मोजावे लागतात तिथे ही बचत मध्यमवर्गीय घरासाठी फार मोठी आहे.

वसई-विरारच्या आईवडिलांना म्हणून एवढंच सांगेन. मूल सिमवर तासन्‌तास बसत असेल तर त्याला हिणवू नका. पैसे खर्चायचेच असतील तर मोठ्या पडद्याआधी चांगलं ब्रेक पेडल घ्या. पाय किती सरकला हे मोजणारं नको, किती जोरानं दाबला हे मोजणारं घ्या, कारण शर्यतीच्या गाडीचं पेडल फारसं सरकतच नाही. मग त्याला कार्टमध्ये बसवा. त्याच ४८ क्रमांकाच्या महामार्गावर कोल्हापूर आहे. तिथे मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, आणि त्याच शहरातला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाचा परवाना काढा. आणि मुलांनो, पडद्यावर शिकलेला वेग वसई फाट्यावर करून पाहू नका. तिथे तुमची चूक सावरायला कुणी सज्ज उभं नसतं, तिथे माणसं रस्ता ओलांडत असतात.