बायनरी पूर्णांकांची साठवण आणि बाइटक्रमाचा प्रश्न

एका संगणकावर साठविलेले पूर्णांक दुसऱ्या संगणकावर तसेच वाचले जातील, असे गृहीत धरता येत नाही. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच अंक मावतात. मोठी संख्या अनेक बाइटांत विभागावी लागते. उदाहरणार्थ, दोन बाइटांत १००० ही संख्या (३ × २५६) + २३२ अशी मांडली जाते. आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांत अधिक स्थानिक किमतीचा बाइट, म्हणजे ३, आधी येतो. इंटेलच्या एक्स-८६ प्रोसेसरांत २३२ आधी येतो. या पद्धतींना डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये अनुक्रमे ‘बिग एंडियन’ व ‘लिटल एंडियन’ असे संबोधिले.

क्रम उलटा वाचल्यास १००० ऐवजी ५९,३९५ ही संख्या मिळते. संगणक मात्र कोणतीही त्रुटी दर्शवीत नाही, हाच खरा धोका होय. संशोधनाची आधारसामग्री नकळत दूषित होते.

यास्तव स्मृतीतील बाइट जसेच्या तसे फाइलमध्ये उतरवू नयेत. बाइटांची संख्या, त्यांचा क्रम व ऋण संख्या दर्शविण्याची रीत फाइलच्या आराखड्यातच निश्चित करावी. लिहिताना संख्येस २५६ ने भागून येणारे भागाकार व बाकी ठरलेल्या क्रमाने लिहावेत. वाचताना गुणाकार व बेरीज करून संख्या पुन्हा सिद्ध करावी. हे अंकगणित प्रत्येक यंत्रावर सारखेच असल्याने यंत्राचा अंतर्गत क्रम जाणण्याची आवश्यकता उरत नाही. इंटरनेट प्रोटोकॉलनेही याच न्यायाने ‘बिग एंडियन’ हा एकच क्रम स्वीकारला आहे. सारांश, क्रम यंत्रावर न सोडता लिखित संकेताने ठरविणे हेच श्रेयस्कर होय.