कामाच्या ठिकाणी जडलेली सिगारेट-तंबाखू कशी सोडावी? कर्मचारी, कुटुंब आणि कंपनीसाठी माहिती

"डॉक्टर, घरी हे एकही सिगारेट ओढत नाहीत हो." दिव्यातील माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकतो. बोलणारी पत्नी असते आणि शेजारी बसलेले गृहस्थ खाली पाहत असतात. ती खोटे बोलत नसते. घरी सिगारेट नसतेच. ती असते सकाळची लोकल पकडण्याआधी स्टेशनबाहेरच्या टपरीवर, कंपनीत साडेदहाच्या चहाला, जेवणानंतर गेटबाहेर आणि पाळी सुटल्यावर.

असेच एक चाळिशीतले रुग्ण. भिवंडीकडे गोदामात काम करतात. रक्तदाब वाढलेला, जिना चढताना धाप लागते. सलग दोन वर्षे गणपतीला कोकणात गावी गेले, तेव्हा दहा-बारा दिवस सिगारेट आपोआप सुटली. परत कामावर रुजू झाले आणि पहिल्याच चहाला पुन्हा हातात आली. "माझ्यात जिद्दच नाही," असे ते मला म्हणाले. मला तसे वाटत नाही. जो माणूस दहा दिवस सिगारेटशिवाय राहू शकतो, त्याच्याकडे जिद्द आहे. त्याला कमी पडते ती कामाच्या ठिकाणची मदत. ती मदत कशी असते, कुठे मिळते आणि नसेल तर काय करायचे, हे या लेखात पाहू.

सवय कामाच्या ठिकाणीच का घट्ट बसते?

सिगारेट किंवा बिडीचा झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते आणि थोडा वेळ बरे वाटते. काही तासांत त्याचे प्रमाण उतरते, मग चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणे सुरू होते आणि पुन्हा तलफ येते. हे झाले शरीराचे.

दुसरा भाग सवयीचा. रोज त्याच वेळी, त्याच माणसांबरोबर, त्याच चहासोबत सिगारेट ओढली की मेंदू त्या सगळ्याची सांगड घालतो. मग कटिंग चहाचा ग्लास हातात आला तरी तलफ येते. गावी ती टपरी नसते, ते मित्र नसतात, म्हणून त्रास कमी होतो.

तिसरे कारण फारसे बोलले जात नाही. अनेक ठिकाणी "जरा सिगारेट ओढून येतो" म्हणणाऱ्याला पाच मिनिटे मिळतात, पण "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणणाऱ्याला मिळत नाहीत. बारा तासांची ड्यूटी, रात्रपाळी आणि लोकलचा धक्काबुक्कीचा प्रवास असेल, तर ती पाच मिनिटे सोडवत नाहीत.

"दिवसाला दोन-तीनच ओढतो" हे सुरक्षित आहे का?

नाही. रोज एकच सिगारेट ओढली तरी हृदयविकाराचा वाढणारा धोका, रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. म्हणजे वीसवरून एकवर आल्याने धोका वीसपट कमी होत नाही. कमी करणे ही चांगली सुरुवात आहे, पण थांबायचे शून्यावर. बिडीत तंबाखू कमी दिसते म्हणून ती सौम्य असते, हाही गैरसमज आहे.

"कंपनीत एवढी धूळ आणि वास छातीत जातो, त्यापुढे बिडीचे काय?" असेही रुग्ण विचारतात. डोंबिवली, अंबरनाथ, तळोजा इथल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचा हा प्रश्न रास्त आहे. पण धूळ, रसायने आणि धूर हे एकमेकांत भर घालतात. ॲस्बेस्टॉसच्या संपर्कातील कामगार धूम्रपानही करत असेल, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. कामावरचे हात न धुता तंबाखू मळली, तर हाताला लागलेले रसायनही तोंडात जाते.

सिगारेट सुटली आणि तंबाखू सुरू झाली, तर?

तर काहीच सुटले नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, तर २४.४ टक्के प्रौढ तंबाखू, खर्रा, मशेरी असे धूरविरहित प्रकार वापरतात. आपल्याकडे खरा मोठा प्रश्न चुना-तंबाखूचा आहे.

धूम्रपानाला मनाई असलेल्या कंपनीत बरेचजण गेटबाहेर सिगारेट ओढतात आणि आत तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवतात. धूर दिसत नाही म्हणून कोणी हटकत नाही. म्हणून कंपनीचा कार्यक्रम फक्त "नो स्मोकिंग"चा नको, तंबाखूच्या सर्व प्रकारांचा हवा. ई-सिगारेट हाही पर्याय नाही; २०१९ पासून भारतात तिच्या विक्रीवर बंदी आहे.

कंपनीतील कार्यक्रमाने खरेच फरक पडतो का?

पडतो, पण तो एका दिवसाचा नसावा. ३१ मे रोजी तंबाखूविरोधी दिनाला एक भाषण आणि भिंतीवर एक पोस्टर लावून व्यसन सुटत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रातील एका रासायनिक कारखान्यात टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी वर्षभर असा कार्यक्रम राबवला. त्याचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. १०४ कर्मचाऱ्यांपैकी ४८ जण तंबाखूचे सेवन करत होते. त्यांना वारंवार भेटून समुपदेशन केले गेले. प्रत्येक फेरीनंतर सोडणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि वर्षाच्या शेवटी सुमारे ४० टक्के जणांनी तंबाखू सोडली होती. ते खरे सांगत आहेत का, हे लघवीच्या तपासणीनेही पडताळले गेले. कारखाना लहान होता, त्यामुळे सगळीकडे इतकेच यश येईल असे नाही. पण एकाच माणसाला पुन्हा पुन्हा भेटल्याने फरक पडतो, हे त्यातून दिसते.

नवी मुंबईतील हिलिस सेखसरिया संस्था आणि अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी मुंबई परिसरातील २० कारखान्यांत असाच अभ्यास केला. त्यात तंबाखू सोडण्याच्या मदतीबरोबर कामाच्या जागेची सुरक्षितता सुधारण्यावरही भर होता. मला हे महत्त्वाचे वाटते. मालक धूळ कमी करायला तयार नसेल, तर "तंबाखू सोडा" हे त्याचे सांगणे कामगाराला पटणार नाही.

बक्षिसाचाही उपयोग होतो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या ८७८ कर्मचाऱ्यांवरील २००९ च्या अभ्यासात, सिगारेट सोडल्यास रोख रक्कम मिळणाऱ्या गटातील १४.७ टक्के कर्मचारी दीर्घकाळ सिगारेटपासून दूर राहिले. रक्कम न मिळणाऱ्या गटात हे प्रमाण ५ टक्के होते.

चांगल्या कार्यक्रमात काय असावे?

तुम्ही कामगार प्रतिनिधी, सुपरवायझर किंवा लहान कारखान्याचे मालक असाल, तर हे पाहा:

- वर्षभरात अनेक भेटी. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, नंतर महिन्यातून एकदा.
- गटात चर्चा आणि गरज असेल त्याला एकट्याने समुपदेशन.
- कंत्राटी कामगार आणि सुरक्षारक्षकांचाही समावेश.
- तोंडाची तपासणी, रक्तदाब आणि साखर.
- निकोटिन गम किंवा पॅचचा खर्च कंपनीने उचलणे.
- न ओढणाऱ्यालाही तेवढाच ब्रेक आणि बसायला वेगळी जागा.
- माहिती गुप्त ठेवणे. नोकरी जाईल अशी भीती असेल, तर कोणी खरे सांगत नाही.

कायदाही मदतीला आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून कामाच्या ठिकाणांसह सर्व सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई आहे. मोडल्यास २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि नियम पाळला जातो का, हे पाहण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची असते. मात्र दंडाने माणूस आडोशाला जातो, सोडत नाही. दंडासोबत मदत हवी.

औषधांचा उपयोग होतो का?

होतो. समुपदेशन आणि औषध दोन्ही मिळाले, तर यशाची शक्यता वाढते.

निकोटिन गम २ मिलिग्रॅम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट किंवा तंबाखू लागत असेल, तर ४ मिलिग्रॅमची गरज पडू शकते. त्यासाठी डॉक्टरांना भेटा.

गम नेहमीच्या च्युइंगमसारखे भराभर चघळू नका. हळू चावा, जिभेला चुणचुण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा, चुणचुण गेली की पुन्हा चावा. असे साधारण अर्धा तास. भराभर चघळले तर उचकी लागते, पोटात जळजळते आणि "गम मला चालत नाही" म्हणून लोक सोडून देतात. गम घेण्याआधी १५ मिनिटे आणि तोंडात असताना चहा, कॉफी किंवा कोल्ड्रिंक घेऊ नका, त्याने निकोटिन नीट शोषले जात नाही. म्हणजे आधी चहा, मग थोडा वेळ थांबून गम.

ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. फिट येणाऱ्यांना ब्युप्रोपिऑन चालत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा गर्भारपण असेल, तर गमसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नका.

कंपनीत काहीच सोय नसेल तर?

बहुतेकांची परिस्थिती हीच आहे. तरी मार्ग आहेत:

- राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ वर फोन करा. तो मोफत आहे, मराठीतूनही सल्ला मिळतो.
- ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिल्यास सोडण्यासाठी मदतीचे संदेश येतात.
- जिल्हा रुग्णालय आणि दंत महाविद्यालयांतील तंबाखूमुक्ती केंद्राची चौकशी करा.
- ईएसआय लागू असेल, तर तिथल्या डॉक्टरांना "मला तंबाखू सोडायची आहे" असे स्पष्ट सांगा.
- एक जोडीदार शोधा. एकाच पाळीतले दोघे-तिघे मिळून सोडा.

पहिले दोन आठवडे कसे काढावेत?

सोडण्याची तारीख ठरवा, पण रात्रपाळीचा आठवडा टाळा. त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. प्रत्येक तलफ काही मिनिटेच टिकते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप किंवा लवंग तोंडात ठेवा, जागा सोडून दोन मिनिटे चाला. सुपारी मात्र नको, तिनेही कर्करोग होतो. स्टेशनला जाण्याचा रस्ता बदलता आला, तर बदला. टपरीवाल्याला आधीच सांगून ठेवा, "आजपासून फक्त चहा."

घरच्यांसाठी एक विनंती. या दिवसांत माणूस चिडतो, जेवणावरून खटके उडतात. त्याला "ओढ एकदाची, पण शांत बस" असे म्हणू नका. खिसे तपासू नका, मुलांसमोर टोमणे मारू नका. संध्याकाळी "आजचा दिवस कसा गेला?" एवढे विचारले तरी पुरते.

पुन्हा ओढली गेली तर?

बहुतेकांना एकापेक्षा जास्त प्रयत्न करावे लागतात. एक सिगारेट ओढली म्हणजे सगळे संपले नाही. कुठे, कोणाबरोबर, कशामुळे ओढली ते लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. सोडल्यानंतर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो.

डॉक्टरांना लगेच कधी भेटावे?

छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, तोंडात न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे. यांपैकी काहीही असेल, तर थांबू नका. छातीतले दुखणे अचानक, जोराचे असेल, घाम फुटत असेल तर थेट रुग्णालय गाठा.

सुरुवातीला सांगितलेल्या रुग्णांनी तिसऱ्या वेळी गणपतीची वाट पाहिली नाही. गोदामातले दोन सहकारी सोबत घेतले आणि चहा टपरीऐवजी आत डबा खातात तिथे प्यायला सुरुवात केली. खिशात गम ठेवले. दीड महिन्याने एका रात्रपाळीत एक ओढली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन मला सांगितले. आता सात महिने झाले आहेत. रक्तदाबाची गोळी चालू आहे, जिना चढताना धाप कमी लागते. तिघांपैकी एकाची अजून सुटलेली नाही. त्याने पुढच्या महिन्याची तारीख ठरवली आहे.