राहून गेलेला रकाना

परवा पाहुणे आले, म्हणून पुन्हा एकदा पाणचक्कीवर जाणे झाले. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला पाहुणे आल्याखेरीज पाणचक्की आठवत नाही, हे आपले जुनेच दुखणे. हौदाकाठच्या भल्याथोरल्या वडाखाली बसलो, तेव्हा पाहुण्यांच्या नातवाने विचारले, "आजोबा, इथली मोटार कुठे आहे?" मोटार नाहीच म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना.

त्याला मी मलिक अंबराची गोष्ट सांगितली. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या आणि निजामशाहीचा वजीर झालेल्या या माणसाने १६१० साली खडकी वसवली आणि तिच्यासाठी नहर बांधली. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखाली गोळा करायचे आणि नुसत्या उताराच्या बळावर गावात आणायचे. वाटेत उंच बंबे. तिथे पाणी चढते, कोंडलेली हवा सुटते आणि प्रवाह पुढे जातो. पाणचक्कीची नहर नंतरची, पण याच परंपरेतली. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात राहणारे फकीर, विद्यार्थी आणि वाटसरू यांच्यासाठी तिच्या पाण्यावर पीठ दळले जाई. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छप्पर, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही तिथे गारवा. एकाच पाण्याने दळण, गारवा आणि पाहुणचार असे तीन हिशेब भागत.

पुढे १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण पुरे झाले. नाथसागर आला, त्याचे पाणी शहरापर्यंत आले, उद्योग वाढले. ते पाणी नसते तर हे शहर आज एवढे झालेच नसते. पण ते चढावर पंपाने आणावे लागते आणि विजेवर चालते. इकडे बांधकामे, खोदकामे आणि रस्ते यांनी नहरी जागोजागी फुटल्या, बुजल्या. एका घरात नवी सून आली, म्हणून सासूला कोणी घराबाहेर काढत नाही. आपण काढले.

बँकेत असताना विहिरींच्या कर्जाचे शेकडो अर्ज माझ्या हाताखालून गेले. सातबारा, जामीनदार, अंदाजपत्रक, परतफेडीचे हप्ते, सगळ्याला रकाने होते. विहिरीतला गाळ दरसाल कोण काढणार, शेजाऱ्याने बोअर घेतल्यावर पाण्याची वाटणी कशी होणार, याला रकाना नव्हता. एकदा वसुलीला गेलो, तर विहीर कोरडी. म्हातारा शेतकरी म्हणाला, "साहेब, पूर्वी बाळंतीण सव्वा महिन्यानं पाणी पुजायला विहिरीवर यायची. आता घरीच नळाला हळदकुंकू लावतात. विहिरीकडं बघायचं कोण?" त्या दिवशी मी थकबाकीची नोंद केली आणि परत आलो. त्याच्या बोलण्याचा अर्थ कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

ती पूजा ही एक प्रकारची तपासणीच होती. घरातली बायामाणसे वरचेवर पाणवठ्यावर जात, पाणी किती उतरले ते बघत, गाळ साचला की गावात बोलत. रूढीच्या पोटात देखभाल दडलेली होती.

मात्र सगळ्याच रूढी सोन्याच्या नसतात. त्याच पाणवठ्यावर माणसाला माणूस म्हणून येऊ न देणारी रूढीही होती आणि ती मोडण्यासाठी बाबासाहेबांना १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. तेव्हा संस्कृती जपायची म्हणजे जुने सगळे डोक्यावर घ्यायचे, असे नव्हे. देखभाल ठेवायची, भेदभाव टाकायचा, ही निवड आपल्यालाच करावी लागते.

जगातही हा विचार उशिराच आला. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकास हा शब्द घरोघरी नेला. विकासात संस्कृतीचे स्थान काय, यावर १९९८ साली स्टॉकहोमला देशोदेशींची परिषद भरली. तरीही २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी १७ उद्दिष्टे ठरवली, त्यांत संस्कृतीला स्वतंत्र उद्दिष्ट मिळाले नाही. वारसा जपण्याचा उल्लेख आला, तो शहरांविषयीच्या अकराव्या उद्दिष्टाच्या पोटात. २०२२ साली मेक्सिकोच्या परिषदेत संस्कृती ही साऱ्या जगाची सार्वजनिक ठेव असल्याचे जाहीर झाले. म्हणजे माझ्या अर्जात राहून गेलेला रकाना मोठ्या मोठ्या कागदांतही राहूनच गेला होता.

नहर पुन्हा साऱ्या शहराची तहान भागवील, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण शिल्लक आहे ती तरी बुजू नये. पाण्याची कोणतीही योजना मंजूर करताना एवढे विचारले जावे, की हिची काळजी कोण घेणार आणि कोणत्या निमित्ताने घेणार? वर्षातून एकदा शाळांनी मुलांना नहरीच्या वाटेने नेले, बंबे मोजायला लावले, तरी पुष्कळ होईल.

निघताना तो मुलगा पुन्हा भिंतीपाशी गेला आणि कान लावून उभा राहिला. मोटार नाही, याची त्याला खात्री करून घ्यायची होती. मी त्याला घाई केली नाही.